दगडात काय ठेवलंय?

आज संध्याकाळी शेजारची पोरगी पेढे घेऊन आली. बारावीला चांगले मार्क पडलेत. दिवाळीपासून माझ्या मागं लागली होती, "काकू, मी जिऑलॉजीच घेतो." जिऑलॉजी म्हणजे दगडमातीचं शास्त्र, भूगर्भशास्त्र. आज खाली बघत म्हणाली, "कॉम्प्युटर घेतलं काकू. घरात म्हणाले, दगडात काय ठेवलंय?"

पेढा घशाखाली उतरला नाही.

माझे आबा विहिरी खणायचे. आमच्या घरात जिऑलॉजी हा शब्द यायच्या आधी मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण हे विहिरीतल्या थरांचे शब्द होते. १९९४ साली मी कोल्हापुरात बी.एस्सी.ला हा विषय घेतला. किल्लारीचा भूकंप होऊन वर्षही झालं नव्हतं. पाव्हणेरावळे हसले, "बापानं दगड फोडला, आता पोरगी फोडणार." आबा एकटे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग एक सांगशील? काळा पाषाण फोडून खाली जावं, तर मधीच तांबडी माती लागती. दगडाच्या खाली माती कशी आली?"

तीस वर्षं हा माणूस त्या मातीशी झगडत होता. तो थर लागला की विहीर ढासळते, आतून बांधून घ्यावी लागते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. का, ते सांगायला कुणी भेटलं नव्हतं.

आणि आपण पोरांना विचारतो, दगडात काय ठेवलंय! अहो, ज्या कडाप्प्यावर तुम्ही भाकरी थापता, ज्या शहाबादीवर पोरं रांगली, ती फरशी म्हणजे समुद्राच्या तळाचा गाळ आहे, आपल्या काळ्या दगडाच्या कितीतरी आधीचा. अंबाबाईचं देऊळ लाव्ह्याच्या दगडात उभं आहे. रंकाळा आधी दगडाची खाणच होती म्हणतात. शहरात राहून हा विषय कसला शिकायचा, असं विचारणाऱ्यांनी एकदा चपला काढून देवळाच्या आवारात खाली बघावं.

नोकऱ्या कमी आहेत, मान्य. पण कॉम्प्युटर शिकून घरी बसलेली पोरं आपल्या गल्लीत किती आहेत, तेही मोजा की.

२०२१ च्या पावसात पन्हाळ्याचा रस्ता खचला तेव्हा सगळे फोटो टाकत होते. वरचा जांभा, तो तांबडा भोकाभोकाचा दगड, स्पंजासारखा पाणी पितो, खालच्या कुजलेल्या दगडावर ते अडतं, उतार जड होतो आणि सुटतो. हे आम्हाला सरांनी पन्हाळ्यावरच, जांभ्याला हात लावून दाखवलं होतं. त्याच सहलीत घाटाच्या कापात मला ती दिसली. आबांची तांबडी माती. वर काळा दगड, खाली काळा दगड, मधे हातभर लाल पट्टा. सर म्हणाले, एक लाव्हा येऊन थंड झाला, मधे बराच काळ गेला, ऊनपावसानं त्याची माती झाली, मग वरून दुसरा लाव्हा आला आणि माती विटेसारखी भाजली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

मी एस्टीतून उतरून पळतच घरी गेले. आबा जेवत होते. सगळं सांगितलं. हातातला घास तसाच. बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हंजे मधी रान हुतं म्हण की."

एवढंच.

पोरीच्या आईवडिलांचा मला राग आला होता, लिहिता लिहिता उतरला. त्यांना पोरीची काळजी आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत तिला शिकवलंय, त्यांना नावं ठेवणारी मी कोण? पण बोअर मारायच्या आधी तुम्ही हातावर नारळ धरून पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याला पैसे देता, आणि पाणी कुठल्या थरात साठतं हे शिकणाऱ्या पोरीला मात्र खुळी म्हणता, हे मला बघवत नाही. (जुने पाणाडे रान ओळखतात, आबाही त्यांना मानायचे. तरीही.)

विषय बदलायला अजून चार दिवस आहेत. उद्या सकाळी मी त्यांच्या घरी जाणार आहे. पन्हाळ्याहून आणलेला त्या लाल मातीचा खडा आबांच्या देवळीत अजून आहे. तो घेऊन जाते.