हलगी कुणाच्या दारात वाजवायची?

आज दुपारी आमच्या कॉम्प्लेक्ससमोर हलगी कडाडली. जत्रा नाही, वरात नाही, मार्च एंड. वसुली पथक आलं होतं. पुढं हलगीवाला, मागं कारकून, एक जण मोबाइलवर शूटिंग करतोय, आणि रिक्षावरचा भोंगा, "थकबाकीदारांनी कर भरून सहकार्य करावे". थांबले कुठं, तर आमच्या सलूनवाल्या मामांच्या गाळ्यासमोर. आत खुर्चीत गिऱ्हाईक, अर्ध्या गालाला फेस. मामा तसेच वस्तरा हातात घेऊन बाहेर आले, तर कारकून दोन पावलं मागं सरकला. आज दिवसभरात हसू आलं ते तेवढंच.

"मामा, गाळ्याच्या भाड्याची न् कराची २०२० पासूनची बाकी दिसायलीय. दोन दिवसांत भरा, नाही तर सील."

२०२० हा आकडा कानावर पडला आणि माझं डोकं सटकलं. कोणतं साल काढून वसूल करायलेत हे, याचा तरी विचार करावा की नाही माणसानं!

नवीन लोकांसाठी सांगतो. मामांचं सलून आणि माझं झेरॉक्सचं दुकान भिंतीला भिंत लागून आहे. दोन्ही गाळे नगरपरिषदेचे, म्हणजे आमचा मालकच सरकार. मार्च २०२० मध्ये याच मालकानं भोंगा फिरवून दुकानं बंद करायला लावली. केली आम्ही. तक्रार नाही, जिवाचा प्रश्न होता. पण सलून बाकीच्या बऱ्याच दुकानांनंतर उघडलं. मे महिन्यात वाईन शॉपपुढं रांगा लागल्या, टीव्हीवर सगळ्यांनी बघितल्या. केस कापायची परवानगी आली २८ जूनला. ती पण फक्त कटिंगची, दाढीला बंदी. तालुक्याच्या गावात सलूनचा निम्मा गल्ला दाढीवर चालतो, हे मुंबईत बसून कुणाला कळणार? पुढं एप्रिल २०२१ ला 'ब्रेक द चेन'चे निर्बंध आले आणि शटर परत खाली.

त्या सगळ्या महिन्यांचं भाडं मात्र चालूच होतं. दुकान बंद ठेव म्हणणारा तोच, उघडलंस तर दंड म्हणणारा तोच, आणि बंद दुकानाचं भाडं मागणारा पण तोच.

एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना सांगितलं होतं की भाडेकरूंकडून तीन महिने भाडं वसूल करू नका, पुढं ढकला, कुणाला घराबाहेर काढू नका. चांगलंच सांगितलं. ते राहत्या घरांसाठी होतं, हे मान्य. पण लोकांच्या खाजगी घरांचं ज्ञान शिकवताना स्वतःच्या मालकीचे एवढे गाळे आठवले नाहीत का? आमच्या समोरच्या बोळात एका शेठजीची चार दुकानं आहेत. चिक्कू माणूस, गावात सगळ्यांना माहीत. त्यानं पण बंद काळातलं भाडं अर्धं सोडलं. लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेला तेवढं जमलं नाही.

आम्ही गप्प बसलो होतो असं पण नाही. त्याच जुलैत मामांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. 'महोदय, लॉकडाऊन काळातील गाळाभाडे माफ होणेबाबत.' मास्क लावून दोघं नगरपरिषदेत गेलो. आवकच्या खिडकीवर शिक्का बसला, नंबर पडला. आतले साहेब म्हणाले, "हे माझ्या हातात नाही, सभेत ठराव घ्यावा लागेल." सभा कधी? "लॉकडाऊनमुळं सभा बंद आहेत." म्हणजे लॉकडाऊनमुळं भाडं भरता येत नाही असा अर्ज, आणि लॉकडाऊनमुळंच त्यावर निर्णय होत नाही! नंतर सभा सुरू झाल्या, तेव्हा उत्तर बदललं. "शासनाकडं मार्गदर्शन मागवलंय." अजून मागवायलेत बहुतेक.

बरं, बाकीची मदत मिळाली म्हणावं तर ती पण ऐका. जून २०२० ला पीएम स्वनिधी आली. फेरीवाल्यांना १०,००० रुपये खेळतं भांडवल, व्याजात ७ टक्के सवलत, शिफारसपत्र नगरपरिषदेचं. माझ्याच दुकानातून किती जणांचे फॉर्म भरले. आधारला मोबाइल लिंक नाही, ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर, सगळा गोंधळ. मामांचा पण भरावा म्हटलं. त्या योजनेच्या यादीत न्हाव्याचं काम आहे, पण रस्त्यावर बसणाऱ्याचं. मामांना गाळा, म्हणजे दुकानदार, म्हणून बाद. मधल्या काळात पोटासाठी त्यांनी टरबुजाची हातगाडी लावली होती, फळं विकायला बंदी नव्हती ना. तर त्या गाडीवर पण अर्ज बसेना, कारण २४ मार्च २०२० च्या आधीपासून गाडी लावणाराच पात्र.

बरं, दुकानदार तर दुकानदार. त्यांच्यासाठी केंद्राची ३ लाख कोटींची विनातारण कर्जहमी होती. बँकेत गेले तर कळालं, २९ फेब्रुवारी २०२० ला आधीचं कर्ज बाकी असेल तर त्याच्या २० टक्के मिळणार. मामांनी जन्मात कर्ज काढलेलं नाही. म्हणून कर्ज नाही! आणि २०२१ ला राज्यानं ५,४७६ कोटींचं पॅकेज काढलं, त्यात नोंदणीकृत फेरीवाल्याला १,५०० रुपये, परवानाधारक रिक्षावाल्याला १,५०० रुपये. सलूनवाला? नाव नाही. ज्याचा धंदा नाव घेऊन बंद केला, त्याचं नाव मदतीच्या यादीत कुठंच नाही.

हो, आमच्या कोपऱ्यावरच्या भेळवाल्याला स्वनिधीचे दहा हजार मिळाले, फेडले, मग वीस मिळाले. योजना वाईट नव्हती. शिवभोजन पाच रुपयांत होतं, मामांनी पण खाल्लंय. लिहून टाकतो, नाही तर कॉमेंटमध्ये दोन्हीकडचे कार्यकर्ते उतरतील.

माझा एक वर्गमित्र इंग्लंडात आहे. तिकडं तेव्हा केंद्रानं पैसे दिले आणि गावच्या काउन्सिलनं ते छोट्या दुकानदारांच्या खात्यात टाकले, १०,००० पाउंड, परत न करायचे. वर दुकानांचा त्या वर्षीचा कर माफ. सलूनवाल्यांना सुद्धा. श्रीमंत देश आहे, तुलना होत नाही, कबूल. आम्ही कुठं पाउंड मागायलोत? आम्ही एवढंच म्हणायलोत की जे महिने तुम्ही कुलूप लावलं त्या महिन्यांचं भाडं लावू नका. त्याला खजिना लागत नाही, एक ठराव लागतो.

नगरपरिषदेची बाजू पण मला माहीत आहे. पाणीपुरवठ्याचं लाइट बिल थकतं, पगार रखडतात, कर माफ करायचा अधिकार मुंबईत. आणि त्या दिवसांत सफाई कामगारांनी जे केलं, ज्या मयतांना घरचे हात लावेनात त्यांना यांनी उचललं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. राग त्यांच्यावर नाही. खरं तर आजच्या हलगीवाल्यावर पण नाही. तो मामांचंच गिऱ्हाईक. हलगी वाजवताना मान वर करत नव्हता. त्याला तरी काय मिळालं होतं तेव्हा? लग्नाला ५० माणसं, नंतर २५, त्यात हलगी कोण बोलावणार? आज चार पैसे मिळतात म्हणून आला बिचारा. पथक पुढं गेल्यावर मागं राहून मामांना म्हणाला, "मामा, माफ करा बरं." मामा म्हणाले, "तू वाजीव रे, तुझा काय दोष."

मला मात्र एवढं मोठं मन नाही.

कारण हिशोब बघितला. पथक गेल्यावर मामांनी ड्रॉवरमधली प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात सगळ्या पावत्या, रबर लावून. लॉकडाऊननंतर धंदा परत सुरू झाल्यापासून माणूस भरतोय! एक वर्ष सोडलेलं नाही. मग थकबाकी कशी? तर भरलेली रक्कम आधी जुन्या बाकीत जमा होते. म्हणजे या वर्षीचे पैसे भरले की ते २०२० च्या भोकात जातात आणि या वर्षीचं परत थकतं. मालमत्ता कराच्या थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, ती वेगळी. ५० महिन्यांत मुद्दलाएवढी शास्ती होते, आणि २०२० ला ५० महिने कधीच उलटून गेले. सावकारानं एवढं व्याज लावलं तर आपण त्याला काय म्हणतो?

प्रामाणिकपणे भरणारा माणूस डिफॉल्टर म्हणून भर बाजारात हलगी लावून दाखवला जातो. आणि ज्या बड्या मंगल कार्यालयांची, लॉनची बाकी लाखांत आहे त्यांच्या दारात हलगी जात नाही, कारण त्या लॉनवर सगळ्यांच्याच घरचं लग्न लागतं. कुणाकुणाची नावं घेऊ? गावाला माहीत आहेत.

इतकी वर्षं प्रशासक होते, बोलायचं कुणाला हा प्रश्न होता. आता नगरसेवक आलेत. डिसेंबरात मत मागताना सगळे याच कॉम्प्लेक्समध्ये चहा पिऊन गेले, एकानं तर मामांकडं दाढी करून घेतली. पैसे द्यायला विसरला, ते जाऊ द्या. पहिल्याच सभेत ठराव आणा. बंद काळाचं भाडं रद्द, त्यावरची शास्ती रद्द, आणि मंजुरीसाठी शासनाकडं पाठवा. मंजूर नाही झाला तर निदान कुणी अडवला ते कळेल.

उद्या सकाळी अकराला आम्ही गाळेवाले मुख्याधिकाऱ्यांना निवेदन द्यायला चाललोत. २०२०-२१ च्या पावत्या, तेव्हाच्या अर्जाची आवक शिक्क्याची प्रत, जे असेल ते घेऊन या. दहाच्या आत माझ्याकडं आलात तर झेरॉक्सचे पैसे घेणार नाही. टोनर संपायला आलाय, तेव्हा आधार कार्डाच्या दहा-दहा प्रती काढू नका.