सहा बटणांच्या फोनला राउटरचा अडॅप्टर लावू नका

ठाणे-नवी मुंबईच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. फोटोत वेस्टर्न इलेक्ट्रिकचा जुना अमेरिकन ऑफिस फोन, खाली सहा बटणांची रांग, डावीकडचं बटण लाल. मजकूर थोडक्यात असा: 'चोरबाजारात हा मिळाला तर सोडू नका. जाड केबल कापा, निळी-पांढरी जोडी टेलिफोन लाइनला जोडा, उरलेल्या दोन वायरींना राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर द्या. दिवे लागतील, बेल वाजेल, होल्ड चालेल, सगळ्या लाइनी चालू. ४८ व्होल्टच असतात, शॉकची भीती नाही.'

यातली निळी-पांढरी जोडी तेवढी खरी. पहिल्या बटणाची बोलण्याची जोडी सहसा तीच. ती लाइनला जोडली, पहिलं बटण दाबलं, रिसीव्हर उचलला की डायल टोन येतो. आणि त्यासाठी अडॅप्टर लागतच नाही. बोलण्यापुरती वीज लाइनवरूनच येते, पूर्वी एक्स्चेंजमधून यायची, आता घरातल्या फायबरच्या डब्यातून. म्हणजे जिथे वीज नको तिथे ती सुचवली, आणि जिथे हवी तिथे चुकीची.

'सगळ्या लाइनी' हे तर हवेतलंच. लाल बटण होल्डचं, म्हणजे लाइनी उरल्या पाच. घरात नंबर एक असेल तर पाचही बटणं जोडली तरी सगळ्यांवर तोच नंबर येणार.

आता होल्ड. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे बटण एकदा तरी दाबून पाहिलं असतं तर पुढचं लिहिलंच नसतं. हा फोन १ए२ नावाच्या की-सिस्टिमचा, म्हणजे बटणं दाबून एकाच फोनवर अनेक लाइनी घ्यायच्या व्यवस्थेचा, १९६० च्या दशकातला. तेव्हा अमेरिकन ऑफिसात भिंतीवर एक पेटी असायची, तिच्यात प्रत्येक लाइनीला एक सर्किटचं कार्ड, आणि कार्डावर रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणारे स्विच. टेबलावरचा फोन म्हणजे त्या पेटीची नुसती बटणं. म्हणून केबलमध्ये एकेका लाइनीला एक नाही, तीन जोड्या: एक बोलण्याची, एक दिव्याची आणि एक कंट्रोलची. तुम्ही रिसीव्हर उचलता तेव्हा फोन कंट्रोलची जोडी आत जुळवतो, त्यावरून कार्डाला कळतं की कोणीतरी बोलतंय.

खरी गंमत क्रमात आहे. रिसीव्हर ठेवला की आधी बोलण्याची जोडी तुटते, मग कंट्रोलची. लाल बटण दाबलं की उलटं: कंट्रोल आधी सुटतो, बोलण्याची जोडी अजून जुळलेलीच असते. कार्ड तेवढ्यावरून ओळखतं की माणसाने फोन ठेवलेला नाही, थांबवलाय, आणि लाइनीवर स्वतःचा रोध जोडून कॉल धरून ठेवतं. बटण सोडलं की लाइनीचं बटण खट्‌कन वर येतं, फोन लाइनीतून बाहेर पडतो, कॉल मात्र कार्डाने धरलेला असतो. हे सगळं चिप नसताना, स्विचचे संपर्क पुढे-मागे उघडण्यावर! आता पेटी नसेल तर? तेच बटण, तोच खट्‌ आवाज, आणि कॉल कट. अडॅप्टर कितीही व्होल्टचा लावा.

दिव्यांचंही तसंच. बटणाखालचा छोटा बल्ब फोनच्या आत लाइनीला कुठेच जोडलेला नाही, त्याच्या दोन वायरी सरळ केबलमधून बाहेर येतात. पेटी त्याला साधारण १० व्होल्ट एसी देते: फोन येत असला की मिनिटाला ६० वेळा उघडझाप, होल्डवर १२० वेळा, बोलणं चालू असताना स्थिर. राउटरचा अडॅप्टर लावलात आणि वायरी नेमक्या दिव्याच्याच निघाल्या तर बल्ब लागेल, पण रात्रंदिवस लागलेलाच राहील, आणि १२ व्होल्टवर लवकर जाईल. वायरी बोलण्याच्या जोडीच्या निघाल्या तर फायबरच्या डब्याचा फोन पोर्ट जाण्याची भीती. 'उरलेल्या दोन वायरी' हे ५० वायरींच्या केबलबद्दल लिहायला धाडस लागतं.

बेलची जोडी या फोनात निराळी असते, ती लाइनीला वेगळी जोडावी लागते. नाहीतर फोन मुकाच. आणि शॉक. ४८ व्होल्ट शांत लाइनीवर. रिंग येते तेव्हा त्यावर साधारण ७५ व्होल्ट एसी चढतं. उघड्या तारा हातात असताना कोणी फोन केला तर चांगलंच कळतं, त्यामुळे जोडणी करताना फायबरचा डबा बंद ठेवा.

केबल तर मुळीच कापू नका. टोकाला ५० पिनांचा कनेक्टर असतो, त्यात बसणारा जोडीदार जुन्या ईपीएबीएक्सच्या (ऑफिसातल्या छोट्या एक्स्चेंजच्या) भंगारात मिळतो, पलीकडे क्रोन मॉड्यूल, म्हणजे तारा दाबून बसवायची पट्टी, लावलं की काम नीटनेटकं.

सगळं खरंच चालवायचं असेल तर पेटी किंवा निदान ४०० मालिकेची लाइन कार्डं मिळवा. रिलेसाठी २४ व्होल्ट डीसी लागतं, त्यात पॉझिटिव्ह टोक ग्राउंडला. दिव्यांसाठी १० व्होल्ट एसीचा वेगळा ट्रान्सफॉर्मर. दोन्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज जमतं. पेटीसोबत आलेला मूळ अमेरिकन सप्लाय मात्र नुसती पिन बदलून २३० व्होल्टवर लावू नका, तो ११७ व्होल्टसाठी आहे. फोन गोल डायलचा असेल तर आधी डबा पल्स डायलिंग, म्हणजे डायल फिरवल्यावर लाइन तुटून-जुळून होणारे ठोके, ओळखतो का ते पाहा. बरेच डबे ओळखत नाहीत, मग येणारे फोन घेता येतात, लावता येत नाहीत.

एवढा खटाटोप नको असेल तर घोडबंदरच्या टॉवरांत राहणाऱ्यांना एक बरा मार्ग आहे: पहिल्या बटणावर फायबरचा नंबर, दुसऱ्यावर सोसायटीचा इंटरकॉम. बहुतेक इंटरकॉम साध्या दोन वायरींचेच असतात, तिथे ही जोडणी बिनपेटीची चालते. गेटवरच्या वॉचमनशी बोलताना लाल बटणाला हात लावला नाही म्हणजे झालं.