खुलासा: भावनेचे शब्द फक्त उजव्या मेंदूत उमटत नाहीत

‘डावा मेंदू शब्दांचा अर्थ लावतो आणि उजवा भावनांचा, म्हणून प्रेमाचे, रागाचे शब्द उजव्या मेंदूतच उमटतात,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

भावनेने भारलेला शब्द वाचला की साधारण पाव सेकंदातच मेंदूचा प्रतिसाद साध्या शब्दापेक्षा वेगळा होतो. ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूतले विद्युत संकेत नोंदवणाऱ्या चाचणीत, तो टिपता येतो. त्यात वाचनाशी जोडलेले डाव्या बाजूचे भाग असतात, तसाच अमिग्डाला हा भावनांशी जोडलेला खोलवरचा भागही. अमिग्डाला मेंदूच्या डाव्या-उजव्या अशा दोन्ही अर्धगोलांत असतो आणि आनंदाच्या शब्दांनाही प्रतिसाद देतो.

गैरसमजाला थोडा आधार आहे. पॅरिसजवळ डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली तपासलेला लेबोर्न्य हा रुग्ण एरवी ‘तां’ एवढंच बोलायचा, पण चिडला की शिवी हासडायचा. त्याच्या मेंदूची इजा डाव्या बाजूला होती. अशा उत्स्फूर्त बोलण्यात उजव्या अर्धगोलाचा वाटा मानला जातो. बोलण्यातला सूर ओळखण्यातही तो पुढे असतो. पण सूर म्हणजे शब्द नव्हे.

स्ट्रोकने वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून शिवी निघाली, तर तो मुद्दाम बोलतोय असं घरच्यांनी कृपया समजू नये.