वरचे दोन सेंट

कॉफीचं बिल 4 डॉलर 63 सेंट. पाचची नोट दिली. परत 37 सेंट यायला हवे होते, हातावर 35 पडले. काउंटरवर कागद चिकटवला होता: पेनी (म्हणजे एक सेंटची नाणी) संपल्या आहेत, रोखीचं बिल जवळच्या पाच सेंटांना राउंड केलं जाईल. कार्डवाल्यांना मात्र चोख रक्कम.

मुळात मी रोख काढली ती त्या टॅब्लेटच्या धाकाने. कॉफी आपण भरून घ्यायची, झाकण आपण लावायचं, आणि मग काउंटरवरची पोरगी टॅब्लेट गर्रकन आपल्याकडे वळवते. 18 टक्के, 20 टक्के, 25 टक्के. ‘नो टिप’ खाली कोपऱ्यात, करड्या अक्षरांत. ते सापडेपर्यंत मागची रांग आपली लायकी ठरवून मोकळी होते. म्हणून नोट पुढे केली, तर इथे हे.

“दोन सेंट राहिले,” मी म्हणालो. पोरगी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, “ते आमच्यामुळे गेले!”

मागे सत्तरीचे एक आजोबा उभे. ईगल्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाची हिरवी जर्सी, पाठीवर 26 नंबर आणि बार्कलीचं नाव. फिलाडेल्फियाच्या आसपास ही जर्सी लग्नालाही चालते.

“9 फेब्रुवारी 2025,” आजोबा सुरू झाले. “न्यू ऑर्लिन्स. सुपर बोल, म्हणजे फुटबॉलची फायनल. ट्रम्प स्वतः हजर. खुर्चीवर असताना सुपर बोल बघायला गेलेला पहिला प्रेसिडेंट. आधी मुलाखतीत सांगून बसला होता, समोरची कॅन्सस सिटी जिंकणार म्हणून. हाफटाइमला स्कोअर किती?”

मला क्रिकेटबाहेरचा कुठलाही स्कोअर लक्षात राहत नाही.

“चोवीस-शून्य!” हे रांगेतल्या आणखी कुणीतरी परस्पर सांगून टाकलं.

“मग तो उठला आणि निघाला. आता परतीच्या वाटेवर माणसाने वेळ कसा घालवायचा? फोन काढला आणि पेनी बंद करून टाकली. मॅच अटीतटीची झाली असती तर शेवटपर्यंत बसला असता, आणि तुझे दोन सेंट वाचले असते, बडी. पण आमचा डिफेन्स ऐकेना, त्याला आम्ही काय करणार!”

घरी येऊन मी तपासलं. पहिला हाफ बघून निघाला आणि त्याच रात्री पेनीची पोस्ट टाकली, हे खरं आहे. वाईट वाटलं.

आजोबांची गाडी मग टेलर स्विफ्टकडे वळली. पेन्सिल्व्हेनियात जन्मलेली पोरगी, म्हणजे हक्काने ईगल्सची, आणि जमवलं कुणाशी, तर कॅन्सस सिटीच्या खेळाडूशी, केल्सीशी! त्या दिवशी मोठ्या पडद्यावर दिसली तेव्हा आमच्या लोकांनी हुर्यो उडवली, हे सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता. केल्सीचा थोरला भाऊ 13 सीझन ईगल्सकडून खेळला, तोच जावई म्हणून चालला असता. पण त्याचं लग्न आधीच झालेलं. आजोबा बोलत होते इंग्रजीत, पण कळवळा अस्सल मुलीकडच्या मंडळींचा होता.

“आणि शेवटची पेनी पाडली कुठे? 12 नोव्हेंबर 2025 ला, इथेच, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत. 1793 साली जन्मही इथलाच. बारसं आम्ही केलं, तेराव्याचं जेवणही आम्हीच घातलं.”

एक सेंटचं नाणं पाडायला 3.69 सेंट लागायचे, म्हणून ते बंद. पटलं. पण पाच सेंटच्या निकेलला जवळपास 14 सेंट लागतात, आणि आता सगळं राउंड होणार ते त्या निकेलपाशीच! कॅनडाने 2013 मध्ये पेनीचं वाटप थांबवलं, पण राउंड कसं करायचं ते सरकारने आधी सांगून ठेवलं होतं. इथे हुकूम वरून आला आणि नियम दुकानदाराने स्केचपेनने लिहिला. वर कात्री कुणाला, तर रोख देणाऱ्याला. आजही ज्यांचं बँकेत खातं नाही, रोजच्या कमाईच्या नोटा खिशात घेऊन जे फिरतात, त्यांना. आपल्याकडे चार आणे 2011 साली अधिकृतपणे गेले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून वाणी सुट्याऐवजी बरणीतली गोळी हातावर ठेवायचा. चडफडत का होईना, ती चघळता यायची. इथे चघळायला आजोबांचं भाषण.

भाषण संपवून आजोबांनी मनगटावरचं घड्याळ मशीनला टेकवलं. बिल शेवटच्या सेंटपर्यंत चोख. टॅब्लेट वळला. त्यांनी क्षणभरही न शोधता, सरावलेल्या बोटाने ‘नो टिप’ दाबलं. आणि पोरगी? तोंडभर हसून तिने ईगल्सवाल्यांची आरोळी दिली, “गो बर्ड्स!”

माझे 35 सेंट मी केव्हाच तिच्या टिपच्या डब्यात टाकले होते. तिने वर पाहिलंही नव्हतं. 37 असते तर 37 टाकले असते. प्रश्न तो नाहीच.