दुकानदाराचं उत्तर: "पाच मिनिटांचं काम, दोन दिवस लावले"

नमस्कार काका,

ऐन आंब्याच्या सीझनात कॉम्प्युटर माझ्याकडे दुरुस्तीला राहून तुमचं बिलिंग दोन दिवस अडलं, त्याबद्दल दिलगीर आहे. एक स्टार दिलात, तोही घेतला. पण "आयकॉन नीट करायचं पाच मिनिटांचं काम, दोन दिवस मशीन अडकवलं आणि वर 400 रुपये घेतले" हे वाचून गप्प बसवत नाही. देवगड-जामसंड्याची गिऱ्हाइकं हल्ली असले रिव्ह्यू बघूनच पायरी चढतात.

तुमच्या पुतण्याने व्हिडिओत बघितलेला पाच मिनिटांचा उपाय म्हणजे आयकॉनची चित्रं साठवून ठेवणारी आयकॉनकॅश नावाची लपवलेली फाइल उडवून मशीन परत चालू करणं. आयकॉन पांढरे पडले, जुनेच दिसत राहिले, तर तो लागू पडतो. आम्हीही करतो. तुमच्या विंडोज 7 चं दुखणं वेगळं होतं. डेस्कटॉपवरचे झाडून सगळे शॉर्टकट पीडीएफचे झालेले आणि बिलिंगवर क्लिक केलं तरी पीडीएफ रीडरच उघडायचा. म्हणजे कोणीतरी एक शॉर्टकट त्या रीडरमध्ये उघडायला सांगितला आणि 'नेहमी हाच प्रोग्राम वापरा' वरची टिक तशीच ठेवली. कोणी, ते मी तेव्हाही विचारलं नाही. पेटीवर चुकीचं लेबल लागलं म्हणून आतला हापूस बदलत नाही, तशा तुमच्या फाइली जागच्या जागी होत्या. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, शॉर्टकटच्या खात्यात बसलेली ती चुकीची निवड तेवढी काढायची होती. ते काम पाच मिनिटांचंच, मी कुठे नाही म्हणतोय?

पण त्याआधी घरी त्याच वहीतल्या नोंदी पुसणारा कुठलातरी फुकटचा रजिस्ट्री क्लीनर चालवून झाला होता, ते रिव्ह्यूत आलं नाही. आणि मशीन टेबलावर ठेवताना तुम्हीच म्हणालात, "काय पण करा, पण माझी बिलां जाऊक नको." म्हणून आधी बिलांची कॉपी. हार्ड डिस्क जुनी, कॉपी होताना सारखी अडकायची. म्हणून ती रात्रभर चेकिंगला लावली, मग उरलेली कॉपी, आणि सगळं झाल्यावर रजिस्ट्रीला हात. कॉपी न काढता मशीन त्याच संध्याकाळी देता आलं असतं. बिलं गेली असती तर मग किती स्टार दिले असतेत? ते 400 रुपये आयकॉनचे नाहीत, त्या कॉपीचे आणि चेकिंगचे आहेत. पावतीवर तसंच लिहिलंय.

यापुढे मशीन घेतानाच किती वेळ लागेल ते सांगायचं बघतो. विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच बंद झालाय, तेव्हा सीझन आटोपला की नवीन मशीनचंही मनावर घ्या. माझ्याकडूनच घ्या असं नाही.

आणि बिलांची कॉपी असलेला तुमचा पेनड्राईव्ह अजून काउंटरवरच आहे. दुपारी दीड ते चार सोडून कधीही या.