पुस्तकं जमली, आता अभ्यासाचं बघू

फार्मसीच्या लायसन्स परीक्षेची तयारी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात काय वाचायचं ते ठरतं. दुसरा बहुतेकदा उगवतच नाही.

आधी आपण एक जाडजूड पुस्तक घेतो. ते झेपत नाही म्हणून एक बारीक घेतो. बारकात सुटलेल्या गोष्टींसाठी व्हिडिओ, आणि व्हिडिओ बघायला वेळ नाही म्हणून त्यांच्या नोट्स. वर कुणीतरी पाठवलेलं 'फायनल नवीन खरंच फायनल' नावाचं पीडीएफचं फोल्डर असतंच. ते डाउनलोड झालं की निम्मा पोर्शन झाल्यासारखी झोप लागते.

सुरुवात खरं तर परीक्षा घेणाऱ्यांनी जाहीर केलेल्या विषयवार आराखड्यापासून व्हायला हवी. तो फुकट मिळतो, म्हणूनच कुणी उघडत नसावं. पुस्तकाची अनुक्रमणिका त्याच्याशेजारी ठेवून बघा. परीक्षेत ज्याला चिमूटभर जागा, त्यावर लेखकाने मनसोक्त लिहिलेलं असतं आणि गणितं शेवटच्या प्रकरणात कोंबलेली.

पुस्तक कधीचं आणि कुठलं, हे ओळखायला मी रक्तदाबाचं पान उघडतो. अमेरिकी मार्गदर्शिकेने 2017 साली हायपरटेन्शनची रेषा 130/80 वर आणली, युरोपीय मंडळी 140/90 वरच राहिली. त्यामुळे 134/84 चा पेशंट एका पुस्तकात आजारी असतो, दुसऱ्यात ठणठणीत, आणि उत्तर मात्र एकच द्यायचं असतं. नावांचंही तेच. इकडचं पॅरासिटॅमॉल तिकडे अमेरिकेत असिटॅमिनोफेन, साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल. दोन देशांची पुस्तकं एकत्र वाचणारा एकाच औषधाची दोन फ्लॅशकार्डं करतो आणि वर त्यांची एकमेकांवरची इंटरॅक्शन शोधत बसतो. कायद्याचं पुस्तक तर जिथली परीक्षा तिथलंच, आणि तेही ताज्या दुरुस्त्यांसकट. यात उसनवारी चालत नाही.

आता क्वेश्चन बँक. 'हजारो प्रश्न' या जाहिरातीला भुलू नये. चुकीचे पर्याय कसे रचलेत ते बघावं. उदाहरणार्थ, 60 वर्षांची बाई, वजन 72 किलो, क्रिएटिनिन 1 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. मूत्रपिंड किती गाळतंय ते काढायच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने 140 वजा वय 60, गुणिले वजन 72, भागिले सूत्रातलेच 72 गुणिले क्रिएटिनिन 1, म्हणजे 80. मग बाई आहे म्हणून गुणिले 0.85, म्हणजे मिनिटाला 68 मिलिलिटर. चांगल्या बँकेत पर्यायांमध्ये 80 हसत उभा असतो, 0.85 विसरणाऱ्यांच्या स्वागताला. भिकार बँकेत पर्याय असतात 68, 7, 312 आणि 'यांपैकी नाही'. तिथे बरोबर उत्तर शेंबडं पोरही देईल. स्कोअर छान येतो, स्क्रीनशॉटही काढला जातो. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये दिलं असेल तर आधी 88.4 ने भागायचं, हे ज्या बँकेने एकदाही विचारलं नाही तिच्यावर माझा विश्वास नाही.

उत्तरामागचं स्पष्टीकरणही वाचावं. 'ब बरोबर आहे, कारण ब हेच उत्तर आहे' या धर्तीचं असेल तर बँक बंद. अ, क आणि ड का चूक, हे सांगणारे 800 प्रश्न मला 8000 मुक्या प्रश्नांपेक्षा प्यारे.

ॲलिगेशनचे, म्हणजे दोन द्रावणं मिसळून हवी ती तीव्रता आणायच्या गणिताचे, व्हिडिओ बघणं ही करमणूक आहे. 70 टक्के आणि 20 टक्के द्रावणांतून 30 टक्क्यांचं 500 मिली करायचं, तर 30 वजा 20 म्हणून 70 टक्केवाल्याचे 10 भाग आणि 70 वजा 30 म्हणून 20 टक्केवाल्याचे 40 भाग, म्हणजे 100 मिली आणि 400 मिली. बघताना हे लख्ख कळतं. कागद समोर आला की हमखास उलटं ओतलं जातं आणि 60 टक्क्यांचं द्रावण तयार होतं. म्हणून गणिताचं साधन निवडताना रिकामी वही आणि परीक्षेत चालतो तोच कॅल्क्युलेटर धरा.

फ्लॅशकार्ड दुसऱ्याची उचलू नयेत. '-प्राझोल म्हणजे ॲसिडिटी' असं कुणीतरी बिनधास्त लिहून ठेवतं. मग ॲरिपिप्राझोल येतं आणि मनोविकाराचा पेशंट पित्ताच्या रांगेत जातो. स्वतः लिहिलेल्या कार्डावर निदान चूक तरी आपली असते.

हे सगळं गाळून एक पुस्तक, एक बँक, एक वही उरली, की परीक्षेला दहा दिवस असताना एखादा मित्र विचारतो, "ते नवीन ॲप बघितलंस का?" त्याला सांगायचं, परीक्षेनंतर बघतो. लिंक तरीही येते. फोल्डरमध्ये जागा असतेच.