खुलासा : बालवर्गाला शिकवण्यासाठी ‘मुलांची आवड’ पुरेशी नाही

सध्या एक संदेश फिरतो आहे : तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवायला प्रशिक्षण लागत नाही, आवड असली की झालं, फार तर आठवड्याभराच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र पुरतं. हे चूक आहे.

आवड हवीच. पण गप्प बसलेलं मूल घाबरलं आहे, नवी भाषा कानावर पडतेय म्हणून बुजलं आहे, की त्याला नीट ऐकूच येत नाही, हे ओळखायला निरीक्षण शिकावं लागतं. मुलाचं वागणं टिपायचं आणि त्यावरून उद्याचा खेळ आखायचा, हे व्हिडिओ पाहून येत नाही. म्हणून चांगल्या अभ्यासक्रमात बालविकास, भाषा, प्रथमोपचार, पालकांशी संवाद यांच्या जोडीला अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली वर्गातला सराव असतो. माझ्या मते खरी तयारी तिथेच होते.

हा आग्रह आजचा नाही. इटलीतल्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७मध्ये रोममध्ये पहिलं ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं आणि १९०९मध्येच शिक्षकांचा प्रशिक्षणवर्ग घेतला. अमेरिकेत १९६२मध्ये गरीब घरांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी सुरू झालेल्या पेरी प्रीस्कूल या बालशिक्षण प्रकल्पाचे फायदे सगळे सांगतात. तिथले शिक्षक प्रशिक्षित होते आणि दर आठवड्याला मुलांच्या घरी जात, हे मात्र गाळलं जातं.

नियम देशोदेशी वेगळे आहेत. फी भरण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा : प्रमाणपत्राला कोणाची मान्यता आहे आणि प्रत्यक्ष वर्गातला सराव किती तासांचा.